अरविंद, आता पहिला मजला

डॉक्टरांनी ह्यांच्या उजव्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. डाव्या गुडघ्याखाली मारली, तोही हलला नाही. मग घोटे झाले, कोपरं झाली. मी मनात म्हणत होते, अहो, जरा जोरात मारा की! डॉक्टरांनी हातोडी एप्रनच्या खिशात टाकली आणि विचारलं, "पायांना मुंग्या कधीपासून येतायत?"

"रविवारपासून," हे म्हणाले. आणि ह्यांना त्याही वेळी बोलायची खुमखुमी. "डॉक्टर, खाणीत आम्ही छत असंच ठोकून बघतो. खणखणीत वाजलं तर पक्कं. बद्द वाजलं तर तिथून निघायचं."

डॉक्टर म्हैसूरचे, उंच, अतिशय कमी बोलणारे. ते हसले नाहीत. "तुमचं बद्द वाजतंय, सर," ते म्हणाले. "आता घरी जायचं नाही."

त्यांनी कागदावर तीन इंग्रजी अक्षरं लिहिली: जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी जी फौज असते, ती चुकून आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. त्यांच्यावरचं आवरण कुरतडते. वायरचं रबर उंदरानं खाल्लं की दिवा लागत नाही, तसे स्नायू चालेनासे होतात. पायांपासून सुरुवात होते आणि आजार वर चढतो.

"किती वर?" मी विचारलं.

"थांबेल तिथपर्यंत," डॉक्टर म्हणाले. "छातीपर्यंत गेला तर श्वासाला मशीन लागेल. बहुतेक लोक यातून बाहेर येतात. पण मधले दिवस फार कठीण असतात."

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आम्ही राजाजीनगरात राहत होतो. आज मी हे लिहितेय ते तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं तर उपयोगी पडावं म्हणून. तेव्हा आधी माझी चूक सांगते. दवाखान्यात जायच्या दोन आठवडे आधी ह्यांचं पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं. रविवारी पायांना मुंग्या. सोमवारी चालताना चप्पल पायातून निघून गेली आणि ह्यांना कळलंच नाही. मंगळवारी खुर्चीतून उठता येईना. आणि मी काय केलं? "रिटायर व्हायला अजून तीन वर्षं आहेत, आतापासून कसले नखरे!" असं म्हणून चहा जागेवर नेऊन दिला, तोही आदळून. दोन्ही पायांना एकदम मुंग्या येत असतील आणि त्या वर सरकत असतील, तर चहा आदळत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. अरविंद माझे यजमान, मायनिंग इंजिनिअर. बावीस वर्षं आम्ही चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींच्या वसाहतीत काढली. मग बंगळुरात एका सरकारी संशोधन संस्थेत ह्यांना नोकरी मिळाली. कुठला खडक किती भार घेतो, हे मोजायचं काम. खाणींतून जमवलेले दगड लेबलं लावून पेट्यांत, आणि त्या पेट्या आमच्या पलंगाखाली. लग्नाआधी, अगदी तरुण असताना, हे दहा महिने जपानला प्रशिक्षणासाठी राहून आले होते. दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरची कोळसा खाण. तिथे एका म्हाताऱ्या खाणकामगाराशी ह्यांची मैत्री झाली. त्या आजोबांनी लहानपणी आईबरोबर आणि नंतर बायकोबरोबर खाणीत काम केलेलं. त्यांनी सांगितलेल्या जुन्या काळच्या गोष्टी हे आयुष्यभर सांगत आले. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणी ना कुणी म्हणायचं, "काका, ते जपानचं सांगा ना." की झालं, निघाली ह्यांची गाडी! मी तेव्हा आत खिरापतीच्या ताटल्या भरत असायचे. त्या गोष्टी मी पंचवीस-तीस वेळा तरी ऐकल्या असतील, दर वेळी अर्ध्या कानानं.

वॉर्डात पहिल्या दिवशी लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यांतून सुईनं पाणी काढून तपासणं. मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. त्यात मज्जातंतूंना बारीक विजेचा चिमटा देतात आणि तो किती वेगानं पोचतो ते मोजतात. ह्यांच्या पायांत तो जवळजवळ पोचतच नव्हता.

पण माझा जीव खरा अडकला होता तो एका साध्या परीक्षेत. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन म्हणत, "एका श्वासात आकडे मोजा." हे मराठीत मोजत. पहिल्या दिवशी एका दमात बत्तीस. डॉक्टरांना मराठी आकडे कळत नसत, म्हणून ते माझ्याकडे बघून कानडीत विचारत, "सरी ना?" म्हणजे बरोबर ना? मी मान हलवत असे. संध्याकाळी सव्वीस. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस, संध्याकाळी पंधरा. तिसऱ्या दिवशी दुपारी हे "नऊ, दहा, अकरा" म्हणाले आणि थांबले. ओठ बारासाठी जुळले होते, पण आवाज आला नाही. तेव्हा मला डॉक्टरांना काही सांगावं लागलं नाही.

घशातून नळी घातली. आयसीयू तिसऱ्या मजल्यावर आणि नेमकी लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, पण लिफ्ट त्यावर नव्हती. दोघांनी स्ट्रेचर उताराच्या रस्त्यानं वर ढकलायला घेतलं, तो गोल गोल वर जाणारा सिमेंटचा चढ असतो ना, त्यानं. एक तरुण डॉक्टर बाजूला पळत पळत रबरी फुगा दाबून ह्यांना श्वास देत होती. ह्यांचा चेहरा लुळा पडला होता. डोळे उघडे, पण बाहुल्या हलत नव्हत्या. मी हात धरला तर तो हात माझा नव्हे, ह्यांचा नव्हे, कुणाचाच नव्हे असा लागला.

आणि मला एकदम ती गोष्ट आठवली. जुन्या जपानी खाणीत कुणाला अपघात झाला, की त्याला वर आणताना साथीदार त्याचं नाव घेऊन ओरडायचे. प्रत्येक वळणाशी, प्रत्येक चढाशी. "अमक्या, दुसऱ्या फाट्याशी आलो रे! आता मोठा चढ आहे! वर चाललोय, वर चाललोय!" नाहीतर शरीर वर येतं आणि जीव खालीच अंधारात वाट चुकतो, अशी त्यांची समजूत.

मी ओरडायला लागले. पण "अहो" म्हणून कुणाला हाक मारणार? त्या चढावर तीन स्ट्रेचरं, सगळीकडे कुणाचे ना कुणाचे अहो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांचं नाव उखाण्यापलीकडे घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं. "अरविंद! आता पहिला मजला! अरविंद, वळण आलं! आता दुसरा! वर चाललोय!" लोक वळून बघत होते. बघेनात का! तिसऱ्या मजल्यावर आयसीयूचं काचेचं दार माझ्या तोंडावर बंद झालं, तरी मी बाहेरून सांगितलं, "अरविंद, पोचलो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "या आजारात मेंदूला आणि कानांना काही होत नाही. गुंगीचं औषध आहे, पण त्यांना ऐकू येत असणार. बोलत राहा." ह्यांचे डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावून पट्ट्यांनी बंद केले होते. बोट हलत नव्हतं, पापणी हलत नव्हती. आत माणूस जागा आहे की नाही, कळायला काहीही मार्ग नव्हता. हा जागा असेल आणि त्या अंधारात एकटा असेल, ह्या एका विचारानं माझी झोप उडाली होती.

सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास आत सोडत. मी गेले की आधी हाक. "अरविंद, आज सोमवार. संध्याकाळचे पाच वाजले. तिसरा मजला, चौथी खाट. डाव्या हाताला खिडकी आहे." मग पुढे काय बोलायचं? मुलगी मेधा पुण्याला, तिला सातवा महिना, तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. ते सांगून झालं. गॅलरीतल्या कढीलिंबाचं सांगून झालं. अर्धा तास किती मोठा असतो ते तिथे कळतं. शेवटी मी ह्यांच्याच गोष्टी ह्यांना सांगायला सुरुवात केली.

आणि सांगता सांगता त्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

नवरा पुढे आडवा होऊन आखूड कुदळीनं कोळसा फोडणार. बायको मागे. पडलेला कोळसा घसरगाडीत भरून, हातापायांवर रांगत, कमरेएवढ्या बोगद्यातून ओढत नेणार. आत इतकं उकडायचं की अंगावर जेमतेम एक कापड. त्याचं लक्ष समोरच्या थरावर, म्हणून डोक्यावरच्या छताकडे तिनं लक्ष ठेवायचं. खाणीत शिट्टी वाजवायची नाही, कारण छत पडण्याआधी बारीक करकरतं आणि ते ऐकायला कान मोकळे हवेत. टेकूला पाइनचं लाकूड, कारण ते मोडण्याआधी कण्हतं. मुकाट्यानं मोडणारं लाकूड कितीही भक्कम असलं तरी त्यांना नको असायचं. उंदीर मारायचे नाहीत, कारण धोका त्यांना आधी कळतो. डब्यातला भात त्यांना टाकायचा. उतरताना आपल्या नावाची लाकडी पट्टी एका फळीवर टांगायची, वर आलं की काढायची. दिवस संपला की एखादी पट्टी राहिली का ते पाहायचं. मग सगळ्यांनी सामाईक हौदात आंघोळ करायची, बायकोनं नवऱ्याची पाठ घासायची. आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं!

काय माणसं असतील हो ती! ह्या गोष्टींत दर वेळी टाळ्या मिळायच्या त्या नवऱ्याच्या कुदळीला. मी त्या खाटेजवळ उभी राहून विचार करायचे तो तिचा. वर छत, पुढे नवरा, हातात दोरी, आणि कान सतत टवकारलेले. भीती वाटत नसेल का तिला? वाटतच असणार. पण ती कान बंद करून घेऊ शकत नव्हती. व्हेंटिलेटर सारखा पी पी करायचा, तेव्हा सुरुवातीला मी दर वेळी सिस्टरना हाक मारायचे. मग मी स्वतःला सांगितलं, बाई गं, कण्हणारं लाकूड चांगलं. ओरडू दे त्याला.

मी त्या खाणीतले नियम पाळायला लागले. हसाल तुम्ही. पण त्या दिवसांत माणसाला धरायला काहीतरी लागतं. एक्स-रेवाला कॉरिडॉरमधून सिनेमाचं गाणं शिट्टीवर वाजवत आला, तर मी त्याच्या अंगावर वस्सकन ओरडले, "शिट्टी बंद!" बिचारा थांबला. दुसरा नियम जेवणाचा. खाणीत उतरण्याआधी भातावर रस्सा ओतून खायचा नाही, अशी त्यांच्यात बंदी होती. आमच्या शेजारच्या सावित्रक्का, चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातल्या, चार पिढ्या इथेच. त्या रोज सकाळी माझ्यासाठी भात आणि सारू, म्हणजे इकडची पातळ आमटी, घेऊन यायच्या. मी नुसता भात खायचे आणि सारू नंतर वेगळं प्यायचे.

"एनु गं हे? सारू काय नंतर पितात?" त्या म्हणाल्या. "स्वल्प तरी घाल की भातावर."

"आत जायच्या आधी नको, अक्का. जपानी लोक घालत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाटेच्या दिशेनं बघितलं, आणि डबा झाकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सारू वेगळ्या डब्यात, झाकण घट्ट लावून आणलं. मला वेडं ठरवलं नाही, हे त्यांचे उपकारच.

बोट दाखवून मोठ्यानं म्हणायची पद्धत मात्र ह्यांनी तिथल्या नव्या खाणीत स्वतः पाहिलेली. दोर बघितला की त्याच्याकडे बोट करून ‘दोर ठीक’, दिवा बघितला की ‘दिवा ठीक’. मनातल्या मनात नाही, तोंडानं. मीही सुरू केलं. घशातली नळी, सरी. लघवीची पिशवी, सरी. सलाईनचा हात... त्या हातावर बोट नेलं तर तो मनगटापासून फुगलेला. सुई शिरेतून सरकली होती. मी सिस्टरना बोलावलं. त्या केरळच्या, रोज मला हसायच्या. त्यांनी सुई काढली, आणि दुसऱ्या दिवशी मी आत गेले तर त्या आधीच उभ्या होत्या. "चला अम्मा," म्हणाल्या, "बोट दाखवू या."

इकडे उपचार चालू होते. प्लाझ्माफेरेसिस म्हणजे रक्त बाहेर काढून, त्यातला बिघडलेला पातळ भाग टाकून, उरलेलं परत आत सोडणं. एक दिवसाआड, असं पाच वेळा करायचं होतं. फरक दिसेना. सहाव्या संध्याकाळी माझा ताबा सुटला. दिवसभर घर आवरलं होतं, कंबर मोडली होती, आणि समोर हा माणूस गुपचूप पडलेला. मी खाटेशी वाकून म्हणाले, "आणि हो, तुमच्या त्या दगडांच्या पेट्या पलंगाखालून काढल्यात मी. सगळ्या. गॅलरीत टाकल्यात. झाडू फिरवता येत नाही तिथे. इतकी वर्षं तुमचे दगड सांभाळले, आता बास!" बाहेर येऊन बाकावर बसले आणि स्वतःच्या तोंडाला नावं ठेवत रडले.

नवव्या दिवशी सकाळी बाहेर बसलेली असताना आत धावपळ झाली. ह्या आजारात हृदयाच्या ठोक्यांचे मज्जातंतूही बिथरतात. ह्यांचे ठोके एकदम मंदावले, जवळजवळ थांबले. पडदा ओढला. चार-पाच जण आत, मी दाराच्या बाहेर. मला दुसरं काही सुचलं नाही. मी दारातूनच ओरडले, "अरविंद! तिसरा मजला! मी इथे दारात आहे! वर चाललोय!" सिस्टर "अम्मा, हळू" म्हणाल्या, पण त्यांनी दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं. किती वेळ गेला कोण जाणे. डॉक्टर बाहेर आले, त्यांचा शर्ट घामानं चिकटला होता. "परत आले," एवढंच म्हणाले. मी त्या माणसाच्या पाया पडले. ते संकोचले आणि मागे सरकले.

सतराव्या दिवशी डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या, ह्यांच्या चेहऱ्यासमोर वाकून म्हणाले, "सर, वर बघा." डावी बाहुली किंचित वर गेली. मग उजवी गेली. "खाली बघा." खाली आल्या. आत माणूस होता! सगळा वेळ होता! मी मोठ्यानं हसले की रडले, ते सिस्टरना विचारावं लागेल. वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही, असं आमचं बोलणं सुरू झालं. मी विचारलं, "माझं ऐकू येत होतं?" बाहुल्या वर. "सगळं?" वर. नंतर कितीतरी वेळ ते माझ्याकडे रोखून बघत राहिले, काहीतरी सांगायचं असल्यासारखं. पण हो आणि नाहीमध्ये काय काय बसणार?

तोवर ट्रेकिऑस्टॉमी झाली होती, म्हणजे गळ्याला छोटं छिद्र पाडून तिथूनच श्वासाची नळी घालतात. हळूहळू मशीनचे श्वास कमी केले. खांदे आले, बोटं आली. एकतिसाव्या दिवशी सिस्टरनी नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, आता बोला." महिन्याभरानं आवाज येणार होता.

घोगरा, फाटका आवाज आला. "तू मला... मारलंस."

मला वाटलं, भ्रम झालाय. पण नंतरच्या दोन दिवसांत, दोन-दोन वाक्यांच्या हप्त्यांनी, ह्यांनी सगळं सांगितलं.

"ती हाक जखमी माणसाला मारत नाहीत," हे म्हणाले. "जखमी माणूस ऐकतो, बघतो, त्याला कशाला सांगायचं? ती हाक मेलेल्यासाठी. प्रेत वर आणताना. तीस वेळा सांगितलं असेल मी."

"मला वाटलं, अपघात झालेल्याला..."

"चढावर तू ओरडायला लागलीस. वर चाललोय, वर चाललोय. मी म्हटलं, अरेच्चा, संपलं की काय. आणि मग तू माझं नाव घेतलंस. तेव्हा तर खात्रीच पटली. जिवंतपणी तू नाव घेणं शक्य नाही."

हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला कळेना. गुंगीत आणि अंधारात ह्यांना व्हेंटिलेटरचा आवाज खाणीतल्या हवेच्या पंख्यासारखा वाटला. मी म्हणायचे सोमवार, पाच वाजले, चौथी खाट. ह्यांना वाटायचं, वर पोचेपर्यंत असंच सांगत नेतात वाटतं. सहा दिवस हा माणूस स्वतःला मेलेला समजून माझ्यासमोर पडून होता. आणि मी रोज दोन वेळा येऊन, ठणठणीत आवाजात, त्यावर शिक्कामोर्तब करत होते!

"घाबरलात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी. फार." मग दम घेऊन, "नंतर हाकेची वाट बघायचो. हाक आली की वाटायचं, चला, आपल्याला टाकून गेले नाहीत."

"मग कळलं कसं, जिवंत आहात ते?"

"तू माझ्या पेट्या गॅलरीत टाकल्यास. पावसात! लेबलं कागदाची आहेत त्यांची! इतका संताप आला मला, इतका... आणि मग म्हटलं, मेलेल्या माणसाला एवढा राग कसा येईल?"

मी आजवर देवळात, डोंगरावर, समुद्रापाशी हात जोडलेत. पण त्या माणसाच्या उशाशी बसून मला जे वाटलं, ते वेगळं होतं. आपण मेलो असं धरून चाललेला माणूस, त्या काळोखात, न ओरडता, न वेडा होता, फक्त दोन वेळच्या हाकेवर टिकून राहतो. माणसाच्या आत एवढं काय असतं हो? आणि पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या बोगद्यांत, नाव-गाव माहीत नसलेल्या लोकांना हे ठाऊक होतं, की माणसाला एकटं वाट काढायला लावायचं नाही, मेला तरीसुद्धा. मी त्यांना मनोमन नमस्कार केला, आणि त्या आजोबांनाही.

अडीच महिन्यांनी आम्ही घरी आलो. फिजिओथेरपी, चाकांची खुर्ची, मग वॉकर. त्या डॉक्टरांचं, सिस्टरचं, सावित्रक्कांचं ऋण फिटणारं नाही. फेडायचा विचारही मी करत नाही.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वर एक मुलगा आहे. जीबीएस. काल मशीनवर घेतलं. नागपूरचे आहेत, इथे कंपनीत लागून चारच महिने झालेत. त्याच्या बायकोशी मराठीत बोलाल का?"

आता लिफ्ट चालू होती. वर बाकावर एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी बसली होती, जीन्स, केस विस्कटलेले, हातात रिपोर्टची फाइल. मी शेजारी बसून तिला सगळं सांगितलं. कान शाबूत असतात. दिवस सांग, वेळ सांग, कुठे आहे ते सांग. नळ्यांवर बोट ठेवून बघ. "मावशी, आय मीन, तो रिस्पॉन्सच देत नाही ना," ती म्हणाली. "मला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"वाटू दे. तरी बोल."

हे वॉकरवर टेकून उभे होते, ऐकत होते. एकदम डॉक्टरांना म्हणाले, "मला आत सोडता?"

हिरवा गाऊन घातला, पायांवर कापडी पिशव्या चढवल्या. दारापासून त्या खाटेपर्यंत पंधरा पावलं असतील. वॉकर उचलायचा, ठेवायचा, पाय ओढायचा. मी काचेपाशी उभी, ती मुलगी ह्यांच्या मागे. खाटेवर तो मुलगा, डोळ्यांवर पट्ट्या, गळ्यापर्यंत चादर. हे कठड्याला धरून वाकले. आवाज अजून फाटकाच होता, पण दारापर्यंत आला.

"बाळा, माझं नाव अरविंद. मला हाच आजार झाला होता. मी आता चालत आलोय इथे. नीट ऐक. तू जिवंत आहेस. हे आधी. तू मेलेला नाहीस, तू जिवंत आहेस. बाकीचं सगळं तुझी बायको सांगेल."

काचेवर माझा हात तसाच राहिला. वार सांगितले होते मी, मजले सांगितले होते, खिडकी कुठल्या बाजूला ते सांगितलं होतं, दगडांच्या पेट्यांचंसुद्धा सांगितलं होतं. हे एवढं एक मी ह्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. मला ते दिसत होतं, म्हणून सांगायचं सुचलंच नाही.

ती मुलगी खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेली, त्याच्या दुसऱ्या कानाशी वाकली आणि तेच म्हणाली. मग पुन्हा म्हणाली.